सगळ्यांच्या वतीने

वेल्स स्ट्रीटवरच्या सूपच्या दुकानाच्या काचेतून लॉइस हॅव्हर्टीला आपला नवरा दिसला, आणि त्याच्यासमोर ऑड्रा बसलेली दिसली. ऑड्रा बोलत होती. हॉलिस मान किंचित तिरकी करून ऐकत होता. शाळेत शिकवायचा तेव्हा एखाद्या पालकाची तक्रार ऐकावी, तसा. मधे पावाची टोपली होती आणि तिला दोघांनीही हात लावलेला नव्हता. ऑड्रा बाल्कस ही लॉइसच्या हाताखालची वकील. हुशार, थोडी उंच, कोट नेहमी बटणं न लावता घालणारी. हॉलिसची आणि तिची ओळख ऑफिसच्या नाताळच्या पार्टीत हात मिळवण्यापुरती, निदान लॉइसला माहीत होती तेवढी. डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून गाडी गेली, काच थरथरली आणि आतले दोघं क्षणभर पाण्यात बसल्यासारखे हलले. आत जावं, पाठीवर थाप मारावी, काय चाललंय म्हणून विचारावं, हे साध्या बाईने केलं असतं. लॉइस कॉलर वर करून पुढे चालू लागली. आपण पाहिलंय हे साक्षीदाराला कळता कामा नये. ते आधी कळलं की तो सावरून बसतो, आणि मग त्याच्याकडून काही मिळत नाही.

नदीपर्यंत येईतो तिने त्या चित्राची उलटतपासणी करून टाकली होती. प्रेमप्रकरण म्हणावं तर हॉलिसचा गुडघा, त्याचं कानातलं यंत्र, बशीत शेवटचा घास ठेवून देण्याची त्याची सवय. तिला हसूच आलं असतं. पण ऑड्राचा चेहरा प्रेमात पडलेल्या बाईचा नव्हता. हजर नसलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना होतो तसा तो चेहरा होता. खालचा ओठ आत घेतलेला. तिसरं माणूस म्हणजे मी, हे लॉइसला पुलाच्या मध्यावर कळलं आणि वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती थांबली.

तिचं सगळं आयुष्य वाहतूक कंपन्यांचा बचाव करण्यात गेलं होतं. ट्रकवाल्या, बसवाल्या, घरसामान हलवणाऱ्या, मालगाड्यांच्या. एका माणसाने केलेला दावा तिच्याकडे क्वचित यायचा. तिच्याकडे यायचे ते घोळक्याचे दावे: एक ड्रायव्हर पुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, मी माझ्यासाठी आणि माझ्यासारख्या सगळ्यांच्या वतीने बोलतोय. लॉइसचं काम त्या ‘माझ्यासारख्या’वर बोट ठेवायचं. कुणीच कुणासारखं नसतं. एकाने गॅरी गावच्या डेपोत सही केली, दुसऱ्याने जोलिएटच्या. एकाला कुणी समजावून सांगितलं, दुसऱ्याने विचारलंच नाही. तिसऱ्याला तर ज्याची तक्रार आहे तीच गोष्ट आवडते. ती त्यांना एकेकटं बोलावायची, कॉफी पाजायची, घरच्यांची चौकशी करायची, आणि मग त्यांचीच उत्तरं न्यायाधीशांसमोर एकापुढे एक मांडायची. विणलेला स्वेटर उसवावा तसा दावा उसवत जायचा. त्यात तिला कुणाचा राग नव्हता. ड्रायव्हर जाताना तिच्याशी हात मिळवायचे. माणसं आपणहून एकत्र येतात यावर तिचा विश्वास नव्हता, इतकंच. आलेली दिसली, तर कुणीतरी त्यांना आणलेलं असणार.

आणि एकदा आणलेलं होतंच. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला ती आयोवाला होती. दर रविवारी घरी फोन करायची आणि भावंडांपैकी कुणी ना कुणी घ्यायचं. आई झोपलीय. आई चर्चला गेलीय. आई शेजारी गेलीय, तुला अभ्यास कर म्हणालीय. पॅट्रिक म्हणायचा, मॉरीन म्हणायची, धाकटा टिमसुद्धा म्हणायचा, आणि सगळे त्याच सुरात म्हणायचे. परीक्षा देऊन ती घरी आली तेव्हा पुढच्या खोलीत पलंग मांडलेला होता आणि आई त्यावर होती. आईचा हात धरता आला, पण ती बोलण्यापलीकडे गेली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, असं पॅट्रिक म्हणाला. तुझ्या भल्यासाठी. त्यानंतर तिने भावंडांशी भांडण केलं नाही, थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी जात राहिली, केक कापत राहिली, पण दोन माणसं एकाच सुरात बोलताना ऐकली की तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. पुढे हीच गोष्ट कामी आली. त्याच केसांवर तिने नाव कमावलं.

संध्याकाळी तिने कोट काढता काढता हॉलिसला सहज विचारलं, दुपारी काय खाल्लंस. घरीच सँडविच केलं, तो म्हणाला. कुठल्या पावाचं? रायच्या. राय संपलाय ना, मी काल बघितलं. नाही, एक तुकडा होता, तो म्हणाला आणि नळ सोडला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. चाळीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाला ते यायचं कारणही नव्हतं. लॉइसला आत गार वाटलं, आणि त्याखाली, लाज वाटावी इतकी, ओळखीची समाधानाची कळ. साक्षीदार घसरला होता. सकाळी ऑफिसात ऑड्राला विचारलं तर म्हणाली, काल दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागेवरून उठून त्या टेबलाशी येऊन बसू लागली. ऑड्रा हल्ली लॉइसचा प्रत्येक अर्ज कोर्टात जाण्याआधी पुन्हा वाचायची. बैठकीत लॉइस बोलू लागली की पेन उचलायची. आणि बॉयकिनची साक्ष. वेंडल बॉयकिन हा सध्याच्या दाव्यातला पुढे उभा राहिलेला ड्रायव्हर. कंपनीने ट्रकच्या आत, आरशाच्या वर, कॅमेरे बसवले होते. ड्रायव्हरची पापणी जड झाली की ते शिट्टी वाजवत. पण पापणी ओळखायची म्हणजे चेहऱ्याची मापं घ्यायची, आणि इलिनॉयमध्ये माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या चेहऱ्याची मापं घेता येत नाहीत. कंपनीचं म्हणणं होतं की फेरी संपली की मापं पुसली जातात, काहीच ठेवलं जात नाही. बॉयकिनची जबानी लॉइसने स्वतः घेतली होती, आणि त्या सबंध दिवसात समोरचा वकील मॉरिस टेट गप्प बसून होता. हा मॉरिस, जो साक्षीदाराचं नाव विचारलं तरी हरकत घेतो. तिने तेव्हाच ताडलं होतं की यात डाव आहे. बॉयकिनही पढवलेला होता. एकच उत्तर, त्याच शब्दांत, त्याच सौम्य आवाजात पुन्हा पुन्हा देत होता. आता तिला दिसलं: मॉरिस, ऑड्रा, आणि कशासाठी कोण जाणे, हॉलिस. ऑड्रा पलीकडे जाणार असेल. जाताना काहीतरी घेऊन जाणार असेल.

तिने ऑड्राला कागद देणं बंद केलं. ड्रॉवरला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली सापडेना. ऑड्रानेच घेतली असणार. किल्ली लॉइसच्याच डाव्या हातमोज्यात निघाली. आता ऑड्राने ती तिथे कधी आणि कशी घातली असेल, याचा विचार करत ती बराच वेळ खुर्चीत बसली. घरी हॉलिस शेजारच्या खोलीत फोनवर हळू बोलायचा. ती पाणी प्यायला उठल्यासारखं करून दाराशी जायची आणि तो हवामानाबद्दल बोलू लागायचा. तो तिच्याशी फार चांगला वागत होता. तेच सगळ्यात वाईट होतं. ती जेवताना त्याच्या हातांकडे पाहायची, आणि इतक्या वर्षांत हे हात आपण कधी नीट पाहिलेच नाहीत असं वाटून तिला त्यांचीही भीती वाटायची.

शेवटी तिने सगळ्यात कच्च्या दुव्याला धरायचं सोडून सगळ्यात पक्क्याला धरलं. कोर्टात दुसऱ्याच एका कामासाठी मॉरिस टेट आलेला होता. खिडकीपाशी एकटा उभा राहून शेंगदाणे खात होता. दोघं एकमेकांविरुद्ध इतकी वर्षं लढले होते की एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना गेले होते. बॉयकिनच्या साक्षीला तू गप्प का बसलास, असं तिने सरळ विचारलं. मॉरिस हसला, मग तिच्याकडे नीट पाहून हसायचा थांबला.

“सोड ना,” तो म्हणाला.

“मॉरिस, मी विचारतेय.”

त्याने शेंगदाण्यांची पुडी हळूहळू मिटली. “कॅमेरा पहिल्यांदा कधी दिसला, हे तू त्याला जेवणाच्या आधी विचारलंस. जेवणानंतर परत विचारलंस. मग परत. तेच, तसंच, त्याच हसऱ्या तोंडाने. मी हरकत घ्यायला उठणार होतो. बॉयकिनने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.”

लॉइस त्या मिटलेल्या पुडीकडे बघत होती.

“बाहेर आल्यावर मला म्हणाला, माझी आई असंच विचारायची. उत्तर द्यायला माझं काय जातंय.”

तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की चाल उत्तम आहे. सगळ्यांचा दावा एकत्र चालवू द्यायचा की नाही, त्या सुनावणीच्या तोंडावर समोरच्या वकिलाला स्वतःच्या डोक्याची शंका घ्यायला लावायची. मॉरिसची इतकी कुवत असेल असं वाटलं नव्हतं. दुसरी गोष्ट मागून, लंगडत आल्यासारखी आली. तिला तो दिवस आठवत होता. बॉयकिनचा सौम्य आवाज आठवत होता: पिओरियाच्या डेपोत, मॅडम, पाऊस होता, मला वाटलं आरशाचाच भाग आहे. हे वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकल्याचं आठवत होतं. ते पुन्हा पुन्हा विचारल्याचं आठवत नव्हतं. प्रश्नांच्या जागी नुसती भोकं होती आणि प्रत्येक भोकापलीकडे तेच उत्तर उभं होतं. खिडकीबाहेर खूप खाली लोक रस्ता ओलांडत होते. मॉरिसने तिच्या कोपराला हात लावला आणि तिने तो झटकला नाही, कारण त्या क्षणी तिला तो आपला कोपर आहे हेच वेगळ्याने लक्षात घ्यावं लागलं.

घरी येऊन तिने हॉलिसला समोर बसवलं, आणि सूपचं दुकान एवढंच म्हणाली. तो लगेच फुटला. ऑड्राने त्याला फोन केला होता. घाबरून. कितीतरी दिवस ती लॉइसच्या चुका गुपचूप दुरुस्त करत होती. तारखा, नावं, एकदा तर कंपन्यांचीच अदलाबदल झालेली. ऑफिसच्या प्रमुखाशीही ती बोलली होती. डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. पण सुनावणी होईपर्यंत तुला त्रास नको, असं आम्ही सगळ्यांनी मिळून...

“सगळे म्हणजे कोण?” लॉइसने विचारलं.

तो नावं सांगत गेला. पॅट्रिक आणि मॉरीनचीही त्यात होती. ती उभी राहिली आणि आपण काहीतरी फेकणार असं तिला वाटलं, पण हातात काही नव्हतं. हॉलिस रडत होता. तिचा संशय खरा होता. एकूण एक खरा होता. सगळे मिळालेले होते. फक्त ज्यासाठी मिळाले होते ते कारण तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता आलं तरी ते तिला मायेसारखं न वाटता घेरावासारखं वाटत होतं.

डॉक्टरीण बाई तरुण आणि स्पष्ट होती. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, म्हणाली. चांगली वर्षं बाकी आहेत, काम हळूहळू सोडा. आणि जाता जाता, हॉलिसकडे पाहून, अशा आजारात माणूस फार संशयी होतं, जवळच्यांवर जास्त, ते मनाला लावून घेऊ नका. हॉलिसचा श्वास मोकळा झाल्याचं लॉइसने ऐकलं. त्याला स्पष्टीकरण मिळालं होतं. तिच्याकडून मात्र त्या एका वाक्याने सगळं काढून घेतलं. सुताराला सांगावं, तुमच्या हातातली करवत आता तुमची नाही, तसं. यापुढे मानेवरचे केस उभे राहतील तेव्हा ते तिचे असतील की त्या आजाराचे? दुकानदाराने मोड कमी दिली असं वाटलं तर? शेजारीण बोलता बोलता थांबली तर? ती गाडीत बसून रस्त्यावरच्या माणसांकडे बघत राहिली आणि प्रत्येक चेहऱ्यापाशी हा प्रश्न नव्याने विचारत राहिली.

सुनावणीत तिने बोलायचं नाही, ऑड्राने बोलायचं, असं ठरलं. लॉइसने नुसतं शेजारी बसायचं. त्या आधीच्या आठवड्यात कंपनीचा माणूस ऑफिसात आला. रँडल पिकेट, सुरक्षा विभागाचा प्रमुख. गुलाबी, गुळगुळीत चेहऱ्याचा, सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारा. मापं पुसली जातात हे शपथेवर त्यानेच सांगितलं होतं. ऑड्रा त्याच्याकडून प्रश्नोत्तरं घोटून घेत होती. लॉइस खिडकीशी बसून होती; पिकेट तिच्याकडे बघून गोड हसायचा, आजारी माणसाकडे हसतात तसं. बॉयकिनचा विषय निघाला. अहो, तो बॉयकिन, पिकेट म्हणाला, गेल्या हिवाळ्यात दाढी वाढवून आला तर मशीन त्याला ओळखेचना. ट्रक सुरू होऊ देईना. शेवटी दाढी काढून आला बिचारा. तो हसला, ऑड्राही थोडी हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

लॉइसच्या मानेवरचे केस उभे राहिले.

ती थांबली. तिने स्वतःला विचारलं, कुणाचे? गप्प बसणं सोपं होतं, आता सगळ्यांना तेच हवं होतं. ती म्हणाली, “ओळखेना म्हणजे कशाशी ताडून?”

पिकेटने तिच्याकडे पाहिलं. “काय म्हणालात?”

“आधीचा चेहरा पुसलेला असेल तर आजचा चेहरा मशीन कशाशी ताडून बघतं?”

ते तांत्रिक आहे, पिकेट म्हणाला, तुम्हाला दमायला होईल. तिने प्रश्न पुन्हा विचारला. जाणूनबुजून, त्याच शब्दांत, आणि विचारताना तिला भीती वाटली की हे खरंच दुसऱ्यांदा आहे ना, की आणखी कितव्यांदा. पिकेट खुर्चीत मागे टेकला आणि ऑड्राकडे वळून बोलला, जणू लॉइस खोलीत नव्हतीच. “हे बघा, हॅव्हर्टीबाईंच्या तब्येतीबद्दल तुमच्या साहेबांनी मला सांगितलंय. मला फार वाईट वाटतं. पण त्यांच्या शंकेवर आता आपण कामं करायची का?”

म्हणजे यालाही सांगितलंय. लॉइस आपल्या हातांकडे बघू लागली. ऑड्राने पेन खाली ठेवलं. तिचा खालचा ओठ आत गेलेला होता.

“शंका माझी आहे, मिस्टर पिकेट,” ऑड्रा म्हणाली. “त्यांनी माझ्या आधी विचारलं, एवढंच. उत्तर द्या.”

पिकेटने पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावरही तो बराच वेळ ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, मापं सगळ्याच कंपन्या ठेवतात. कुणी वापरत नाही, नुसती पडून असतात. खोलीत दोघी वकील आणि तो, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं होतं.

ऑफिसच्या प्रमुखाला हे आवडलं नाही. कंपनी जुनी होती, आणि आजारी बाईच्या हट्टापायी ती हातची जाते असं तो दारं लावून बोलला. पण जे खोटं आहे हे कळलंय ते कोर्टापुढे ठेवता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. सुनावणीच्या दिवशी लॉइस शेजारी बसायची ती उभी राहिली. एकच वाक्य होतं. ते तिने सकाळपासून हॉलिसला म्हणून दाखवलं होतं, तरी उभं राहिल्यावर त्याचं पहिलं टोक सापडेना. खोलीत मागे ड्रायव्हर बसले होते, टोप्या मांडीवर घेऊन, बॉयकिन पहिल्या रांगेत. सगळे थांबले. कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि ती शांतता तिला सहन होईना. सगळे मिळून आपली वाट बघतायत. मग टोक सापडलं. मिस्टर पिकेट यांचं शपथपत्र आम्ही मागे घेत आहोत, आणि कंपनीच्या बाजूने उभं राहण्याचं कामही सोडत आहोत. न्यायाधीशांनी कारण विचारलं. ते सांगायला मी मोकळी नाही, ती म्हणाली आणि बसली. कारण सांगावं लागत नाही, ते अशा वेळी सगळ्यांना कळतंच. मॉरिस टेटने डोळे मिटून घेतले होते.

पुढे हिवाळा संपता संपता कंपनीच्या नव्या वकिलांच्या देखत न्यायाधीशांनी ड्रायव्हरांना एकत्र दावा चालवायची परवानगी दिली. तेव्हा लॉइसने काम सोडलेलं होतं. पण शपथपत्र मागे घेतलं त्या दिवशी, कोर्टाबाहेरच्या बाकावर, ती ऑड्राची वाट बघत बसली होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हॉलिस कोट आणायला गेला होता. ऑड्रा कागदांची पिशवी खांद्याला लावून बाहेर आली, शेजारी बसली. पिशवी मधे ठेवली.

“त्या दिवशी पिकेटसमोर,” लॉइस म्हणाली, “तुला खरंच शंका आली होती, की माझ्याकडे बघून म्हणालीस?”

लॉइस तिच्याकडे बघत होती, आयुष्यभर साक्षीदारांकडे बघितलं तशी. पापण्या, गळा, बोटं.

“आधी तुमच्याकडे बघून म्हणाले,” ऑड्रा म्हणाली. “तुम्ही चुकताय असंच मला वाटलं होतं. मग त्याने पाणी मागितलं, तेव्हा शंका आली.”

लॉइसने ते उत्तर उलटंपालटं करून पाहिलं. त्यात ऑड्राचा फायदा नव्हता, आणि लॉइसलाही ते सोयीचं नव्हतं. खोटं सांगायचं असतं तर यापेक्षा बरं काहीतरी सहज सांगता आलं असतं. हॉलिस कोट घेऊन आला आणि दोघींच्या समोर, काय बोलावं ते न कळून, उभा राहिला. लॉइसने पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि त्याला बसायला जागा करून दिली.